मोसमाचा पैसा आणि बारा महिन्यांचं घर

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा प्रश्न आहे. वय छत्तीस. आंब्याची सव्वाशे कलमं, घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या. पाहुण्यांचं जेवणखाण पत्नी बघते, मुलगी सात वर्षांची आहे. बरं वर्ष असेल तर बागेचा खर्च वजा जाता आंब्याचे चार लाख आणि खोल्यांचे एक लाख साठ हजार हाती राहतात. नऊ म्युच्युअल फंडांत मिळून महिन्याला ६,५०० रुपयांची एसआयपी, दोन विमा पॉलिसी, २,००० रुपयांची भिशी, पतसंस्थेत ३ लाखांची ठेव. दुसऱ्या बाजूला किसान क्रेडिट कार्डाचे अडीच लाख, सोनं ठेवून घेतलेले १ लाख २० हजार, क्रेडिट कार्डाचे ४६,००० आणि वाशीच्या दलालाकडून दरवर्षी लाखभराची उचल. तरी गणपतीच्या तोंडावर हात रिकामा होतो आणि एसआयपीचे हप्ते परत जातात. कोणते फंड ठेवू, हिशोबाचं कोणतं अ‍ॅप घेऊ, की मित्र म्हणतो तसं शेअरबाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग शिकून घेऊ, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमचं म्हणणं सगळं नीट वाचलं. फंड, अ‍ॅप आणि ऑप्शन हे तिन्ही प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमच्याकडे बहुतेक पैसा तीन महिन्यांत येतो आणि घर बारा महिने चालवायचं असतं. या दोहोंचा मेळ घालणारी सोय तुमच्या घरात नाही. ती होत नाही तोवर फंड बदलून तुमचा ऑगस्ट महिना बदलणार नाही. माझी सगळी नोकरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बँकशाखांत झाली आणि निवृत्तीनंतरही मी लोकांचे हिशोब बघून देते. आंबा, काजू, मासळी, पर्यटन यांवर जगणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त वेळा मी हेच पाहिलं आहे. माणसं कष्टाळू असतात, बचतही करतात, आणि तरी दरवर्षी त्याच महिन्यात त्याच दागिन्यांची पुडी घेऊन काउंटरसमोर उभी राहतात.

पैशाबद्दल जे सल्ले कानावर पडतात ते बहुतेक पगारदाराला समोर ठेवून दिलेले असतात. एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी, वीस टक्के बचत. तुमची एक तारीख एप्रिलमध्ये येते आणि जूनमध्ये संपते. म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम एकच, आणि ते या मोसमातच करायचं आहे: मोसमाच्या पैशातून स्वतःला दरमहा पगार द्यायला लागा.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. मृगाआधी घरोघर आगोट भरली जायची. तांदूळ, डाळी, कांदे, सुकी मासळी, आमसुलं, लाकूडफाटा, सगळं मे संपता संपता माळ्यावर आणि पडवीत रचलेलं असायचं. पावसात वाट बंद झाली, होड्या ओढून ठेवल्या, तरी चूल पेटायची, आणि आगोटीतलं धान्य मे महिन्यातच कोणी खाऊन संपवत नसे. आता दुकानं बारा महिने उघडी असतात, त्यामुळे धान्याची आगोट गेली तरी बिघडत नाही. पैशाची आगोट मात्र आपण भरत नाही, आणि ती गरज आजही तितकीच आहे.

पगार किती, हे कसं ठरवायचं? चांगल्या वर्षावरून नाही, सरासरीवरूनही नाही. गेल्या चार-पाच वर्षांतलं सगळ्यात पडेल वर्ष घ्या. समजा त्या वर्षी आंब्याने २ लाख २० हजार दिले आणि खोल्यांनी १ लाख २० हजार, म्हणजे एकूण ३ लाख ४० हजार. यातून वर्षातून एकदाच येणारे खर्च आधी बाजूला काढा. गणपतीचे २५,०००, शाळेचे १५,०००, पावसाळ्याआधीच्या डागडुजीचे १५,००० आणि पुढे सांगितलेला बदल केल्यावर विम्याचे १५,००० धरले तर ७०,००० झाले. उरले २ लाख ७० हजार. त्याला बारांनी भागलं की २२,५०० येतात. हा तुमचा पगार. आंबा उदंड आला तरी २२,५००, मोहोर करपला तरी २२,५००. आकडे मी तुमच्या माहितीवरून अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमच्या पट्ट्या, म्हणजे दलालाने दिलेले विक्रीचे हिशोब, काढून खरे घाला. पद्धत मात्र हीच ठेवा.

पडेल वर्ष धरण्याचा फायदा असा की बऱ्या वर्षी ५ लाख ६० हजार आले तर वरचे २ लाख २० हजार कोणाचंही देणं नसलेले, मोकळे हातात येतात. आज तेच पैसे मे-जूनमध्ये घरखर्चात मिसळतात, कुठे गेले कळत नाही, आणि ऑगस्टमध्ये तुम्ही सोनाराच्या किंवा बँकेच्या दारात जाता.

हे जमायला दोन बचत खाती लागतील. एक मोसमाचं, एक घराचं. दलालाची पट्टी, घाऊक गिऱ्हाईकांचे पैसे, पाहुण्यांचं भाडं, जे काही येईल ते मोसमाच्या खात्यात. बँकेत जाऊन स्थायी सूचना द्या की दर महिन्याच्या एक तारखेला २२,५०० रुपये घराच्या खात्यात जावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एटीएम कार्ड आणि फोनवरचं यूपीआय फक्त घराच्या खात्याला जोडा. तुमच्या पडवीत पाहुण्यांसाठी जो क्यूआर चिकटवलेला आहे तो सध्या कोणत्या खात्याचा आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी तो त्याच खात्याचा असतो ज्यातून फोन काढून बांगडे, पेट्रोल, मुलीचा खाऊ असं सगळं भागवलं जातं. शनिवारी पाहुण्यांनी भरलेले चार हजार बुधवारपर्यंत संपलेले असतात, आणि ते कमाईचे होते याची खूणही राहत नाही. क्यूआर बदलून मोसमाच्या खात्याचा करायला बँकेची एक फेरी लागेल, पण एवढ्यानेच मोठा फरक पडलेली घरं मी पाहिली आहेत.

मोसमाच्या खात्यात जूनमध्ये दोन-अडीच लाख नुसते दिसत राहिले तर हात जाईलच. शिवाय मोठ्या बँकांत बचत खात्याचं व्याज आता अडीच टक्क्यांच्या आसपास आलं आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या रकमेच्या लहान लहान मुदत ठेवी करा, अशा की ऑगस्टपासून दर महिन्याला एकीची मुदत संपेल. गणपतीची ठेव वेगळी, चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी हातात येणारी.

मच्छीमारांची घरं या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे असतात असं माझं निरीक्षण आहे. त्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती तारखेनिशी ठाऊक असते. दाभोळ खाडीकडच्या एका घरात दर फेरीनंतर डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा गेला की उरलेल्यातला ठरलेला हिस्सा घरातली बाई त्याच संध्याकाळी पिग्मीत भरायची. लिलावात भाव किती मिळाला याचा त्याच्याशी संबंध नसायचा. जुलैत त्या घरात उधारी नव्हती. आंब्याच्या धंद्यात रिकामे महिने बंदीपेक्षा कितीतरी जास्त असतात, तरी त्या महिन्यांची अशी तयारी मी क्वचित पाहिली.

आता हिशोब लिहिण्याबद्दल. तुम्ही अ‍ॅप विचारलंत. शाळेची दोनशे पानी वही घ्या. अ‍ॅप वाईट नसतं, पण ते तुमच्या फोनवर राहतं आणि घरातला निम्मा खर्च पत्नीच्या हातून होतो. वही ओट्यापाशी किंवा देवघराजवळ ठेवता येते, दोघांनाही लिहिता येते. पानावर तीन रकाने पाडा: घर, आंबा, पाहुणे. दिवेलागणीनंतर दहा मिनिटं पुरतात.

तीन रकाने का, ते तुमच्याच एका दिवसावरून सांगते. तुम्ही कळवलंय की एका मंगळवारी तीन हजार खर्च झाले. त्यात फवारणीच्या औषधाचे १,८००, पाहुण्यांसाठी कोंबडी आणि गॅस धरून ९००, आणि घरचे तीनशेच. तुमच्या मनात मात्र 'घरात रोज हजारांनी खर्च होतो' असं बसलं आहे, त्यावरून घरात बोलणीही होतात. उलट बाजूही बघा. पाहुण्यांच्या जेवणाचा गॅस, तेल, नारळ घरखर्चात गेला की खोल्यांचा धंदा आहे त्यापेक्षा फायद्याचा दिसतो. तिसरी खोली बांधायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो याच फुगलेल्या आकड्यावर उभा आहे का, हे वर्षभर तिसरा रकाना भरल्यावर कळेल. तोवर खोलीसाठी कर्ज काढू नका.

आजपासून लिहा, पण जून ते सप्टेंबर एकही दिवस सोडू नका. त्या महिन्यांत आवक नसल्यामुळे घराचा खरा खर्च तेव्हाच दिसतो. मे महिन्यात पैसा खेळता असतो, तेव्हाच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. वाण्याची वहीही यात धरा. 'आंबो इलो की देतंय' म्हणून जे सामान आणलं जातं, ते ज्या दिवशी आणलं त्या दिवशी लिहायचं, पैसे दिले त्या दिवशी नाही.

पट्ट्यांचंही तसंच. मोसम संपला की दलालाकडच्या सगळ्या पट्ट्या एकत्र घेऊन बसा. पेट्या किती, भाव काय, गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि उचलीची कपात, हे आकडे एका पानावर उतरवा. बहुतेक बागायतदार तळाची रक्कम बघतात आणि पट्टी खिळ्याला अडकवतात. एका पानावर उतरवलं की दिसतं की मार्चमधल्या थोड्या पेट्यांनी किती दिले आणि मे अखेरच्या ढीगभर पेट्यांनी किती. उशिराच्या फळाचं काय करायचं, कॅनिंगला द्यायचं की पाहुण्यांना डझनाने विकायचं, हा निर्णय मग अंदाजाने घ्यावा लागत नाही.

उचलीबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे. दलाल व्याज लावत नाही, म्हणून उचल फुकट वाटते. पण उचल घेतली की माल त्याच्याकडेच जातो. एखाद्या आठवड्यात पुण्याला किंवा थेट गिऱ्हाईकाला चांगला भाव मिळत असला तरी तुम्हाला तिकडे वळता येत नाही, आणि भावावरून घासाघीस करायला तोंड राहत नाही. हीच उचलीची किंमत, आणि ती पट्टीवर कुठेही छापलेली नसते. दलाल वाईट असतात असं मी म्हणत नाही. मोठ्या बाजारात माल खपवणं सोपं काम नव्हे, आणि पिढ्यान् पिढ्यांचे संबंध असतात. ते संबंध उचलीशिवायही टिकतात.

त्या लाखाची सोय किसान क्रेडिट कार्डातून व्हायला हवी. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज ७ टक्के, आणि मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळून प्रत्यक्षात ४ टक्केच पडतं. याहून स्वस्त पैसा तुम्हाला कोणी देणार नाही. तुमचे अडीच लाख वापरून संपलेत आणि वर उचलही लागते, याचा अर्थ कार्डाचे पैसे बागेखेरीज आणखी कुठेतरी गेलेत. खोल्यांचा रंग, गिझर, असं काही असावं, ते वहीत दिसेल. मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ती चुकली की सवलत गेली.

कर्जांचा क्रम सरळ आहे. आधी क्रेडिट कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ४६,००० वर १,६१० रुपये नुसतं व्याज होतं. किमान रक्कम भरत राहिलात तर मुद्दल हलत नाही, आणि बाकी शिल्लक असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. एकीकडे हे चालू आणि दुसरीकडे ६,५०० ची एसआयपी, याला बचत म्हणता येत नाही. कार्ड फिटेपर्यंत एसआयपी थांबवा. त्यानंतर सोनं सोडवा. सोनेतारण अडीनडीला उपयोगी पडतं, दवाखान्यासाठी रात्री दागिने ठेवायला आलेल्या माणसाला मी कधी नको म्हटलेलं नाही. पण गणपती दरवर्षी ठरलेल्या तिथीला येतात. त्यासाठी दरवर्षी सोनं ठेवावं लागत असेल तर ते संकट नाही, आधीपासून माहीत असलेला खर्च आहे. बऱ्या वर्षीच्या वरच्या २ लाख २० हजारांतून ही दोन्ही कर्जं मिळून १ लाख ६६ हजार जातील. उरलेले ५४,००० पुढच्या मोसमाच्या फवारणीसाठी ठेवा, म्हणजे उचलीची रक्कम निम्म्यावर येईल. किसान कार्ड मात्र फक्त वेळेवर फिरवत राहा, ते फेडायची घाई नको.

आता अडीनडीचा पैसा. तीन ते सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवावा असा नियम सगळीकडे सांगतात. तो पगारदाराला ठीक आहे, नोकरी गेली तर सहा महिन्यांत दुसरी मिळू शकते. तुमचा एक मोसम गेला तर दुसरा बारा महिन्यांनीच येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पोफळ नव्याने लावून उत्पन्नावर यायला कैक वर्षं जातात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, झाडावर आंबा असताना, आणि त्याने तुमच्या बाजूला काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. त्यामुळे कोकणातल्या बागायतदाराकडे पूर्ण एका वर्षाची बेगमी असावी असं माझं ठाम मत आहे. तुमच्या हिशोबाने ती २ लाख ७० हजार होते.

ते तुमच्याकडे आहेत. पतसंस्थेतली ३ लाखांची ठेव हीच तुमची बेगमी, फक्त ती चुकीच्या जागी आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. चांगल्या पतसंस्था आहेत, मी अशा माणसांबरोबर काम केलंय ज्यांनी गावाचा पैसा डोळ्यांत तेल घालून जपला. तरीही संकटकाळचा सगळा पैसा विम्याबाहेर ठेवणं बरोबर नाही, मग व्याज एखाद-दीड टक्का जास्त का असेना. मुदत संपली की बँकेत किंवा टपाल खात्यात हलवा. मुदतीआधी मोडून तोटा घेऊ नका. आणि या पैशाला कर्ज फेडायला हात लावू नका. कर्ज फेडलं आणि त्याच वर्षी आंबा गेला, तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल.

भिशीचं थोडक्यात. चालू फेरी पुरी करा, मध्येच सोडून चार माणसांत वाईटपणा घेऊ नका. पुढच्या फेरीत पाचशेची करा.

विमा. तुमच्या दोन्ही पॉलिसी बचत आणि विमा एकत्र असलेल्या आहेत. वर्षाला ३८,००० भरून तुमच्या पश्चात घराला चार-साडेचार लाख मिळतील, म्हणजे जेमतेम दीड वर्षाचा घरखर्च. मुलगी सात वर्षांची आहे. आधी शुद्ध मुदत विमा (टर्म प्लॅन) घ्या, निदान ५० लाखांचा, आणि तो लागू झाल्याचा कागद हातात आल्यावरच जुन्या पॉलिसींचा विचार करा. त्या मोडण्यापेक्षा हप्ते थांबवून 'पेड-अप' करणं बहुधा परवडतं. विमा कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी राहिलेला नाही, त्यामुळे जुने भाव मनात धरून बसू नका. हप्ता वर्षातून एकदाच भरण्याचा आणि तो मे महिन्यात येईल असा ठेवा.

याखेरीज बँक खात्यावरून मिळणाऱ्या दोन योजना पती-पत्नी दोघांच्याही नावे असू द्या. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा, सुरक्षा विमा २० रुपयांत अपघातासाठी २ लाखांचा. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता मे अखेरीस खात्यातून वळता होतो. त्या आठवड्यात खात्यात पैसे नव्हते म्हणून विमा बंद पडलेला आणि घरच्यांना ते नंतर कळलेलं, अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. मागे राहिलेल्या बायकांशी काउंटरपलीकडून बोलणं फार जड जायचं.

आजारपणासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड काढून ठेवा, आणि जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, कोणते उपचार बसतात, ते बरं असतानाच विचारून घ्या. देवगडहून मोठ्या आजाराला माणूस कोल्हापूरला नाही तर गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. परराज्यात काय चालेल, हे रुग्णवाहिकेत बसल्यावर शोधायचं नसतं. झेपेल तेव्हा वेगळा आरोग्य विमाही घ्या.

फळपीक विम्याबद्दल बागायतदारांचा राग मी ऐकत आले आहे, 'माझा आंबा गेला आणि विमा आला नाही' म्हणून. ती योजना हवामानावर आधारित आहे. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांची तुमच्या महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्रावर जी नोंद होते, तिच्यावरून भरपाई ठरते. तुमच्या कलमाखाली किती फळ पडलं, यावरून नाही. म्हणून ती घ्यावी, पण तिच्या भरवशावर बेगमी कमी करू नये. घराचा विमाही काढा, वादळ-पुराला धरून तो स्वस्तात मिळतो. फक्त खोल्यांत पाहुणे उतरतात हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर दावा करायच्या वेळी त्यावरून अडतं.

एवढं झाल्यावर गुंतवणूक. तुमच्या नऊ फंडांची नावं वेगळी आहेत, पण त्यातले सहा मोठ्या कंपन्यांचे आहेत आणि सहाही जणांकडे त्याच चार-पाच बँका आणि त्याच मोठ्या कंपन्या सापडतील. कार्ड आणि सोनं सुटलं की निफ्टी ५० चा, म्हणजे त्या यादीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा, एक इंडेक्स फंड, मध्ये एजंट नसलेल्या थेट योजनेतला, एवढा पुरे. हप्त्याची तारीख पाच ठेवा. एक तारखेला घराच्या खात्यात पगार आलेला असेल, त्यामुळे तो परत जाणार नाही. रक्कम दोन हजारांपासून सुरू करा आणि दहा वर्षांच्या आत लागणारा पैसा त्यात घालू नका.

मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत सुकन्या समृद्धी खातं उघडा, वर्षाला किमान २५० रुपये भरूनही ते चालू राहतं. स्वतःसाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. त्यात व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या कमीत कमी शिलकीवर धरतात, म्हणून आंब्याची पट्टी आली की ५ मे किंवा ५ जूनच्या आत भरा. या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, भरण्याआधी टपाल कार्यालयात विचारून घ्या.

ऑप्शनचं उत्तर नाही असंच आहे. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालेलं आढळलं, आणि ते सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास होतं. दोन लाख म्हणजे तुमच्या घराचे जवळजवळ नऊ महिने. मित्राला मिळालेले पैसे खरे असतील, पण हा धोका तुमच्या घराने घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी कागद. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा दुकानांबरोबर लोकांची कपाटंही बुडाली. पुढचे कित्येक महिने माणसं ठेवपावत्यांच्या आणि पॉलिसींच्या दुय्यम प्रती काढत फिरत होती. सगळी कागदपत्रं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा, त्यांचे फोटो पत्नीच्याही फोनवर ठेवा, आणि प्रत्येक खात्याचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहा. प्रत्येक ठेवीला, फंडाला, पॉलिसीला नामनिर्देशन झालंय का ते तपासा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचं नाव असतं, तुमच्या एका पॉलिसीवर तसंच असणार. बँकेच्या ठेवीवर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. नामनिर्देशन झालं म्हणजे वारसाहक्क मिटला असं नाही, मालकी वारसांचीच राहते, पण निदान पैसे अडकून पडत नाहीत.

आणि सातबारा काढून बघा. कलमं तुम्ही राखता, पण उताऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं आणि मुंबईचे हिस्सेदार असतील तर पुढे कधी खोलीसाठी कर्ज मागायला गेलात की बँक सगळ्यांच्या संमत्या मागेल. गणपतीला सगळे घरी येतातच. आरतीनंतर एका दुपारी चुलतभावांना घेऊन बसा, कोणाची वारस नोंद राहिली आहे ते लिहून काढा, आणि चाकरमानी परत जायच्या आत तलाठ्याकडे लागणाऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवा.